चोराची चिठ्ठी



मेहकरास आमच्या वाड्याच्या ओसरीवर, श्रावणाची झड लागून बाहेर पडण्याची सोय उरली नाही म्हणजे, आम्हां भावंडांचा राजा-प्रधान-शिपाई-चोराचा डाव बसे. राजाने आपली चिठ्ठी उघड करून शिपायास हुकूम द्यावा, शिपायाने उरलेल्या दोन निर्विकार चेहऱ्यांतून चोर हुडकावा आणि चुकल्यास आपले गुण चोराच्या पदरात घालावेत, असा तिथला दस्तूर. एकदा धाकटा भाऊ काही केल्या चोर होईना आणि शिपाई झाला की चुकेना, तेव्हा आत्याने चिठ्ठ्या कंदिलाशी धरून पाहिल्या. चोराच्या चिठ्ठीचा कोपरा नखाने अलगद मुडपलेला होता.

आज माझी नातवंडे, कोणी खामगावास तर कोणी पुण्यास बसून, याच जातीचे खेळ मोबाईलवर खेळतात. 1986 साली मॉस्को विद्यापीठातील दिमित्री दाविदोव या विद्यार्थ्याने रचलेला 'माफिया' हा त्यांचा पूर्वज, आणि 2020 च्या टाळेबंदीत घरोघर शिरलेला 'अमंग अस' हा त्याच कुळातला अलीकडचा वंशज. मूठभर जाणते कपटी आणि बहुसंख्य अजाण सज्जन, आणि मतदानाने संशयितास बाद करणे, एवढीच त्यांची मांडणी. येथे असत्य बोलण्याची राजरोस मुभा आहे. परंतु ज्या खेळात खेळाडूस खोटे बोलता येते, त्या खेळाचे नियम आणि त्याचा पंच हे अधिकच सत्यनिष्ठ असावे लागतात, कारण तेवढी एकच जमीन सर्वांच्या पायाखाली सारखी असते.

म्हणून भूमिका वाटणाऱ्या पंचाने कोणाचाही पक्ष घेऊ नये. मतदानाची मुदत आधीच जाहीर करावी, आणि मध्येच कोणाची वीज गेली तर डाव किती वेळ तहकूब राहील हेही त्याच वेळी ठरवावे. बाद झालेल्याने अखेरपर्यंत मौन पाळावे. आणि आपल्या भूमिकेच्या गुप्त संदेशाचा स्क्रीनशॉट कोणी कोणास दाखवू नये, कारण तो आमच्या मुडपलेल्या कोपऱ्याचाच नवा अवतार आहे. आणखी एक बंदी मला अत्यावश्यक वाटते, ती 'आईशप्पथ' म्हणण्याची. शपथ खेळात आली की तिला मानणारा भाबडेपणाने अडकतो, न मानणारा जिंकतो, आणि चातुर्याची परीक्षा राहते बाजूला. नियमात उणीव आढळलीच, तर दुरुस्तीचा अंमल पुढल्या डावापासून व्हावा. चालू डावात नियम फिरवणे म्हणजे रडीचा डाव.

आत्याने त्या दिवशी भावास मारले नाही. सगळे गुण रद्द करून नव्या चार चिठ्ठ्या तिने त्याच्याच हातून लिहवून घेतल्या, आणि डाव पुन्हा मांडण्यापूर्वी प्रत्येकास विचारले, "आहे कबूल?" आपल्या घरातील मुलांनीही पहिली भूमिका वाटण्यापूर्वी नियम मोठ्याने वाचावेत आणि हा एक प्रश्न सर्वांस विचारावा, एवढीच माझी विनंती.