विदूषक खरा केव्हां वाटतो?

कथालेखकाला खलपुरुष लिहितां येतो, सोशिक पत्नी लिहितां येते, करारी वडील तर डोळे मिटूनहि लिहितां येतात. परंतु विनोदी पात्र रंगविण्याची वेळ आली कीं लेखणी अडखळते. मग एक ठरीव तोडगा निघतो. पात्राला ढेरी द्यावयाची, त्याची जीभ बोबडी करावयाची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणावयाचा आणि दर दोन पानांनंतर त्याला कशास तरी अडखळून पाडावयाचें. वाचक पहिल्या वेळीं हंसतो, दुसऱ्या वेळीं हंसल्यासारखें करितो आणि तिसऱ्या वेळीं पान उलटतो. हा मनुष्य कोठें राहतो, त्याच्या पोटापाण्याची सोय काय, त्याला भय कशाचें वाटतें, हें खुद्द लेखकालाच ठाऊक नाहीं, ही गोष्ट तोंवर वाचकानें ओळखलेली असते.

ही खोड जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत विदूषकाचें जें वर्णन आढळतें त्यांत ठेंगणेपणा, पुढें आलेले दांत, कुबड, टक्कल, पिंगट डोळे अशी सामग्री सांगितली आहे. ही रंगपटांतली यादी होय. पुढील कित्येक नाटककारांनीं ती यादी म्हणजेच माणूस असें समजून तीवर मोदकांचा लोभ तेवढा चढविला आणि राजाच्या मागें एक मित्र उभा केला. मराठींत १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें. त्या परंपरेंतला विदूषक सूत्रधाराबरोबर आरंभींच येई, उड्या मारी, आयत्या वेळीं सुचेल तें बोले. लोकांची करमणूक होई, यांत शंका नाहीं. परंतु तो मुळींच आला नसता तरी सीतेचें स्वयंवर अडलें नसतें. विदूषकाची परीक्षा करावयाची ती येथेंच. त्याला कथेंतून उचलून बाजूस ठेवावें आणि कथा पुढें चालते कीं काय तें पाहावें. चालत असेल, तर तो शोभेचा.

या परीक्षेस पुरेपूर उतरणारा विदूषक म्हणजे शूद्रकाच्या नांवावर असलेल्या ‘मृच्छकटिक’ नाटकांतला मैत्रेय. गोविंद बल्लाळ देवलांनीं हें नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणलें, आणि मैत्रेय मराठी प्रेक्षकांच्याहि ओळखीचा झाला. इतर विदूषक राजवाड्यांत वावरतात. तेथें मोदकांची ददात नसते, आणि म्हणूनच त्यांच्या खादाडपणाची थट्टा पोकळ वाटते. मैत्रेयाचा मित्र चारुदत्त हा उज्जयिनींतला एके काळचा श्रीमंत सार्थवाह. दानधर्मांत सारें गमावून आतां दरिद्री झालेला. पूर्वीं याच घरच्या सुगंधी मोदकांनीं तृप्त होणारा मैत्रेय आतां दिवसभर इकडेतिकडे फिरून पोट भरतो आणि पारव्याप्रमाणें नुसत्या मुक्कामापुरता येथें परत येतो. पहिल्या अंकाच्या आरंभींच तो हें सांगून टाकतो. एवढ्याशा माहितीनें त्याच्या भुकेला अर्थ आला. ज्या घरीं अन्न नाहीं त्या घरीं हा खादाड मनुष्य राहतो कां, असा प्रश्न मनांत उभा राहतो, आणि त्याचें उत्तर नाटककार कोणाच्याहि भाषणांतून देत नाहीं. मैत्रेय रोज संध्याकाळीं परत येतो, हेंच उत्तर.

चोरीच्या अंकांत शूद्रकाचें कौशल्य विशेष दिसतें. वसंतसेनेनें चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेविलेली अलंकारांची पेटी दिवसा नोकरानें आणि रात्रीं मैत्रेयानें सांभाळावयाची असते. मैत्रेयाला तें काम नको आहे, झोपमोड होते. या पेटीला उज्जयिनींत एखादा चोर मिळूं नये काय, असेंहि तो त्रासून म्हणतो. चोर मिळतो. शर्विलक भिंतीस भोंक पाडून आंत शिरतो, तेव्हां मैत्रेय झोपेंत बरळत असतो. शर्विलकालाच तो चारुदत्त समजतो, पेटी घेतलीच पाहिजे म्हणून शपथ घालतो आणि आपल्या हातानें ती त्याच्या हातांत देतो. मित्राचा हात आज थंड कां लागला, एवढें मात्र झोपेंतहि त्याच्या ध्यानांत येतें. जागा झाल्यावर तो चारुदत्तापाशीं आपल्या शहाणपणाचीच बढाई मारतो: मला मूर्ख म्हणतोस, पण पेटी वेळेवर तुझ्या हातीं दिली कीं नाहीं! प्रेक्षक खदखदून हंसतात, आणि त्याच क्षणीं चारुदत्ताची अब्रू गेलेली असते. दरिद्री माणसाच्या घरून परक्याची ठेव चोरीस गेली, यावर विश्वास कोण ठेवणार? मैत्रेय लागलीच उपाय सुचवितो. कोणीं दिली, कोणीं घेतली, साक्षीदार कोण आहे? सरळ कानांवर हात ठेवावे. सल्ला नीतीचा नाहीं, पण ज्याला उद्यांच्या जेवणाची खात्री नाहीं त्याच्या तोंडीं तो शोभून दिसतो. चारुदत्त खोटें बोलण्यास तयार होत नाहीं. आणि मग त्याच्या पत्नीनें दिलेली रत्नमाला बदली म्हणून पोंचविण्याचें काम मैत्रेयाच्याच गळ्यांत पडतें.

वसंतसेनेच्या वाड्यांतील आठ चौकांचें वर्णन पुष्कळांना लांबट वाटतें आणि उतावळे वाचक तें ओलांडून जातात. तें उपाशी माणसाच्या डोळ्यांनीं वाचावें. स्वयंपाकघराच्या वासाशीं मैत्रेय कसा रेंगाळतो, आतां कोणी तरी पाय धुवून पानावर बसवील अशी आशा त्याच्या मनांत कशी येते, तें पाहावें. बसवीत कोणीच नाहीं. अमोल रत्नमाला देऊन तो परत येतो, आणि साधें पाणीहि विचारलें नाहीं म्हणून पांचव्या अंकांत वसंतसेनेवर आग पाखडतो. गणिकेच्या नादीं लागूं नको, हा त्याचा उपदेश चारुदत्ताला व्यवहारी वाटतो; प्रेक्षकाला मात्र त्या उपदेशामागें न मिळालेलें पान दिसत असतें. उपदेश खरा आणि त्याचें कारण क्षुद्र, असें जेव्हां घडतें तेव्हां पात्र जिवंत होतें. नुसताच शहाणा विदूषक हा नुसत्याच मूर्ख विदूषकाइतकाच खोटा.

नवव्या अंकांत या सर्वांची किंमत चुकती होते. वसंतसेनेच्या खुनाचा आळ चारुदत्तावर आला आहे, पुरावा पुरेसा नाहीं. मैत्रेय तिचेच अलंकार तिला परत करण्यास निघालेला असतो. वाटेंत वार्ता कळतांच तो न्यायालयांत धांवतो. तेथें फिर्यादी शकाराला पाहून त्याचा संताप अनावर होतो, आपली वांकडी काठी उगारून तो अंगावर जातो आणि झटापटींत काखेंतले अलंकार सर्वांच्या देखत खालीं पडतात. हा प्रसंग विनोदाचा आहे. भित्रा ब्राह्मण जन्मांत एकदां शौर्य करावयास जातो आणि त्याची फजिती होते, यापेक्षां हास्यकारक तें काय? आणि त्या फजितीनेंच मित्राला वधस्तंभाची वाट दाखविली. दहाव्या अंकांत चारुदत्ताला सोडा आणि मला मारा, असें हाच मैत्रेय चांडाळांना विनवितो. येथें त्याला शूर झालेला दाखविण्याचा मोह दुसऱ्या एखाद्या लेखकाला झाला असता. शूद्रकानें त्याला घाबराच ठेविलें आहे.

त्याच नाटकांत दुसरेंहि एक हंसविणारें पात्र आहे, तो हा शकार, राजाचा मेहुणा. त्याला ‘स’ उच्चारतां येत नाहीं. रामायण-महाभारताची तो अशी खिचडी करितो कीं द्रौपदी रामाला भिऊन पळते आणि सुभद्रेला हनुमंत हरण करितो. चार अज्ञ खुशमस्कऱ्यांनीं आयुष्यभर वाहवा केलेली आहे, त्यामुळें आपण पंडित आहों अशी त्याची समजूत. हा मूर्ख वसंतसेनेचा गळा दाबतो आणि खुनाची फिर्याद दुसऱ्यावर आणतो. मैत्रेयाची चूक मैत्रेयालाच पोळते. शकाराची चूक नेहमीं दुसऱ्याला पोळते, कारण त्याच्या पाठीशीं राजा आहे. हंसूं कोठें थांबावें आणि भय कोठें सुरू व्हावें, तें पात्राच्या वेडगळपणावर अवलंबून नसून त्याच्या हातांत असलेल्या सत्तेवर अवलंबून असतें. आजच्या कथालेखकानें मृच्छकटिकापासून एवढें जरी उचललें तरी पुष्कळ झालें.

कालिदासाची रीत याहून निराळी. शाकुंतलांतल्या माढव्याला दुष्यंत आपलें प्रेम सांगतो, आणि मग हा बडबड्या अंतःपुरांत बोलून जाईल या भीतीनें त्याला राजधानीस धाडतांना सांगतो कीं, तें सारें थट्टेचें होतें. पांचव्या अंकांत शकुंतला दरबारांत येते तेव्हां कालिदासानें माढव्याला दुसऱ्या कामावर पाठवून दिलेलें आहे. सहाव्या अंकांत राजा विचारतो, तूं मला आठवण कां दिली नाहींस? तो म्हणतो, तूंच थट्टा म्हणाला होतास. ज्याचें सारें आयुष्य थट्टा करण्यांत गेलें त्याला मित्राचें खोटें खरें वाटलें! १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं शाकुंतल मराठींत आणल्यापासून या नाटकांतल्या गाण्यांची चर्चा पुष्कळ झाली, पण माढव्याच्या या एका उत्तराकडे द्यावें तितकें लक्ष कोणी दिलें नाहीं.

राम गणेश गडकऱ्यांचा तळीराम तर मराठी भाषेंतच जाऊन बसला. दारुड्याला आजहि तेंच नांव मिळतें. १९१९ मध्यें रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याल्यां’त सुधाकराला दारूची वाट दाखविणारा तोच, आणि प्रेक्षकांना सर्वांत अधिक हंसविणाराहि तोच. त्याच्या कोट्या वेगळ्या काढून छापल्या तर त्या पुष्कळशा गडकऱ्यांच्या वाटतील, तळीरामाच्या वाटणार नाहींत. इतक्या अलंकारिक भाषेंत कोणी बोलत नाहीं, हा आक्षेप खराच आहे. परंतु तो मरणाच्या अंथरुणावर पडलेला असतांना वैद्य आणि डॉक्टर उशाशीं भांडत असतात, त्या प्रसंगीं कोटीची गरजच राहत नाहीं.

रंगभूमीवर लेखकाला नटाचें साह्य असतें, हें विसरून चालणार नाहीं. शेक्सपिअरच्या मंडळींत आरंभीं विल्यम केम्प हा नाचणारा, उड्या मारणारा विनोदी नट होता. १५९९ च्या सुमारास तो गेला आणि रॉबर्ट आर्मिन आला. आर्मिन गाणारा आणि चतुर बोलणारा. त्यानंतरच्या नाटकांत शेक्सपिअरचे विदूषकहि गाऊं आणि टोचून बोलूं लागले. लिअर राजाचा विदूषक हा बहुधा आर्मिनसाठींच लिहिलेला. तो राजाला राजा म्हणून चूक दाखवूं शकतो, कारण त्याचें बोलणें मनावर न घेण्याचा करारच असतो; पण चाबकाची धमकी त्यालाहि मिळते. वादळांत तो राजाला सोडीत नाहीं, कुडकुडत थट्टा करीत राहतो, आणि तिसऱ्या अंकानंतर पुन्हां दिसत नाहीं.

कथा-कादंबरीच्या लेखकापाशीं केम्पहि नाहीं आणि आर्मिनहि नाहीं. चेहरा, आवाज, थांबणें, सारें शब्दांनींच उभें करावयाचें. चिं. वि. जोशांनीं यावर मोठा साधा मार्ग काढला. चिमणराव आपली हकीकत आपणच सांगतो, आणि आपण विनोदी आहों याची त्याला वार्ताहि नाहीं. गुंड्याभाऊ, काऊ, मोरू, मैना, राघू हा सारा संसार तो अगदीं गंभीरपणें सांभाळीत असतो. ‘तो फार विनोदी होता’ असें वाक्य जेथें आलें तेथें विनोद संपला, हें जोशांना पक्कें ठाऊक होतें.

विदूषकाचें दुःख दाखवावयाचें तर रंगाखालीं अश्रू काढावे, ही दुसरी एक सोयीची रूढि आहे. लिओनकाव्हॅलोचें ‘पाल्याची’ हें संगीतनाट्य १८९२ सालीं रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून रडणाऱ्या विदूषकाचें चित्र जगभर झालें. मूळ कृति जोरकस आहे. अनुकरणें मात्र पातळ. अशा कथांत दुःख बाहेरून आणलेलें असतें: मूल मरतें, बायको पळते. त्या जागीं कारकून घातला तरी कथा तीच राहील.

डिकन्सनें हें टाळलें. जोसेफ ग्रिमाल्डी या नामांकित इंग्रज विदूषकाच्या आठवणी त्यानें १८३८ सालीं संपादित केल्या होत्या. उड्या आणि आपटण्यांनीं ग्रिमाल्डीचें शरीर इतकें मोडलें होतें कीं १८२८ च्या निरोपाच्या खेळांत त्याला खुर्चीवर बसून गावें लागलें. विदूषकी हा सांध्यांनीं करावयाचा धंदा आहे, हें डिकन्सला येथून कळलें असावें. १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’ कादंबरींत जूप नांवाचा सर्कशींतला विदूषक आहे. वाचकाला तो एकदांहि भेटत नाहीं. त्याचे सांधे आखडले, उड्या चुकूं लागल्या, लोक हंसण्याऐवजीं हुर्यो करूं लागले, आणि ती हुर्यो आपल्या मुलीनें ऐकली हें त्याला सोसलें नाहीं, एवढें त्याचे सोबती सांगतात. तो मुलीला चोळण्याचें तेल आणावयास पाठवितो आणि ती परत येण्यापूर्वीं आपल्या कुत्र्यासह निघून जातो. सिसी ती तेलाची बाटली बापासाठीं जपून ठेविते. कित्येक वर्षांनीं तें कुत्रें लंगडत, जवळजवळ आंधळें होऊन एकटेंच सर्कशींत परत येतें आणि मरतें. त्यावरून मालक स्लिअरी काय तें समजतो, आणि सिसीला कळवावयाचें नाहीं असें सर्कशींतले लोक आपसांत ठरवितात.