संगणकाचा पडदा काळा झाला तर?



घरोघरी भांडण लावणाऱ्या एका लहानशा विषयावर मी आज चार शब्द बोलणार आहे. संगणकाचा पडदा एकाएकी काळा झाला, तर काय करावे?

गेल्या वर्षी घाटंजीतील एका घरी असेच घडले. मुलगी बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. भावाने जुने सुटे भाग जमवून तिला संगणक जोडून दिला होता. एके सकाळी संगणक सुरू करताच कंपनीचे चिन्ह दिसले आणि पुढे सारा अंधार! अब्बांनी मुलालाच दोष दिला, “रात्रभर गेम खेळतोस, जाळून टाकलेस.” दुकानदार म्हणाला, ग्राफिक्स कार्ड गेले, नवे घ्या. कापसाचे पैसे हाती यायला अवकाश होता. मुलीचे प्रात्यक्षिकाचे सारे काम त्या संगणकात अडकले होते.

वस्तुतः कार्ड शाबूत होते. बिघडला होता तो ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. विंडोजची आज्ञा तो कार्डाला समजेल अशा भाषेत सांगतो, मग कार्ड पडद्यावर चित्र उमटविते. दुभाषी चुकला म्हणून ऐकणारा बहिरा ठरत नाही. दिनांक 19 जुलै 2024 रोजी एका सुरक्षा प्रणालीच्या सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. तेव्हाही यंत्रे धडधाकटच होती.

मग दोष ओळखावा कसा? प्रथम वहीत लिहा : बिघाड केव्हा झाला, आदल्या दिवशी काय बदलले? त्यानंतर मॉनिटरची केबल पाहा. ती कार्डालाच जोडलेली असावी. संगणक सुरू करताना कंपनीचे चिन्हसुद्धा दिसत नसेल, किंवा तेव्हापासूनच रंगीत रेघा दिसत असतील, तर केबल, मॉनिटर वा कार्ड यांवर संशय घ्यावा. परंतु चिन्ह नीट दिसून विंडोज येताना पडदा काळा होत असेल, तर बहुधा ड्रायव्हरचाच दोष असतो.

अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावा. तेथे साधा ड्रायव्हर वापरला जात असल्याने चित्र दिसते. सर्वप्रथम अभ्यासाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. मग डिव्हाइस मॅनेजरमधील ‘डिस्प्ले अॅडॅप्टर्स’ उघडून कार्डाच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडावे, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिके असेल, तर ड्रायव्हर काढून टाकावा आणि कार्डाच्या मॉडेलचा ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी वा इंटेल, जी कंपनी असेल तिच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. लॅपटॉप असेल, तर त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहावे. जुन्या कार्डाला सर्वांत नवा ड्रायव्हर चालेलच असे नाही. ‘सर्व ड्रायव्हर फुकट दुरुस्त करतो’ म्हणणाऱ्या अनोळखी प्रोग्रामांपासून मात्र दूर राहा. त्यांतून व्हायरस घरात येतो.

एका वेळी एकच बदल करा. पाच बदल एकदम केले, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कळत नाही.

त्या घरी मी आणि तो मुलगा संध्याकाळी बसलो. आदल्या रात्री ड्रायव्हर आपोआप बदलला गेल्याचे त्यालाच आठवले. जुना ड्रायव्हर परत आणताच पडदा उजळला. खर्च एक पैसाही नाही. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी मुलासमोर चहाचा कप ठेवला, एवढेच.

पालकहो, कार्ड खरोखर जळतेही, तेव्हा कारागिराकडे अवश्य जावे. परंतु मुलावर ठपका ठेवण्यापूर्वी आणि खिशात हात घालण्यापूर्वी तासभर शांतपणे कारण शोधावे. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही काय केले ते घरी न लपवता सांगत जा. त्या मुलाने रात्रीचा बदल सकाळीच सांगितला असता, तर दुकानाची पायरी चढावी लागली नसती. पण रागावलेल्या माणसाला काही सांगण्याचे धाडस मुलाला होत नाही, हेही आपण मोठ्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे.