चालत्या संगणकाची दुरुस्ती
(कंधार येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून बँकेच्या खात्यापर्यंत आपले व्यवहार ज्या संगणकांवर चालतात, ते अहोरात्र चालू ठेवावे लागतात. अशा यंत्राच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. त्यातील दोष यंत्र बंद न करता दुरुस्त करण्याची सोय लिनक्स कर्नेलमध्ये २०१५ पासून अंगभूत आहे.

ही सोय जितकी उपयुक्त, तितकीच जोखमीची. २००८ साली लिनक्सच्या एका चाचणी आवृत्तीत याचा प्रत्यय आला. चालू कर्नेलमधील सूचना बदलणाऱ्या एका भागाने जुन्या नोंदीवर विसंबून स्मृतीतील एका पत्त्यावर लेखन केले. तेथील मूळ सूचना केव्हाच काढून टाकल्या होत्या व ती जागा इंटेलच्या नेटवर्क कार्डाकडे गेली होती. कार्डांच्या कायम स्मृतीतील मजकूर बिघडला आणि ती निकामी झाली. संशय प्रथम कार्डाच्या ड्रायव्हरवर आला. दोष मात्र अन्यत्र होता. जुन्या उताऱ्यावरून दुसऱ्याच्या शेतात नांगर घालावा, तसा हा प्रकार!

दुसरा धोका अर्धवट बदलाचा. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरमध्ये एक सूचना १ ते १५ बाइटांची असते. एक प्रोसेसर ती बदलत असताना दुसऱ्याने वाचली, तर अर्धी जुनी व अर्धी नवी अशी भलतीच आज्ञा पाळली जाईल.

यावरील उपाय आपल्या परिचयाचा आहे. कंधारहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर मोरीचे काम निघाले, तर आधी लाल निशाण लागते. येथेही सूचनेच्या पहिल्या बाइटवर 'थांबा' ही एक बाइटची खूण ठेवतात. ती सर्व प्रोसेसरांना दिसल्याची खात्री झाल्यावर उरलेले बाइट बदलतात. पुन्हा तशीच खात्री करून अखेरीस पहिला बाइट बदलतात व निशाण उतरते. मध्यंतरी तेथे येणाऱ्या प्रोसेसरला वळणरस्त्याने पुढे नेले जाते.

मित्रहो, नवी सूचना निर्दोष असणे पुरेसे नाही. ती जागा आजही आपलीच आहे ना आणि या क्षणी तेथून कोणी जात नाही ना, हे आधी पाहावे लागते. तुमच्यापैकी कोणी उद्या हे काम हाती घेईल, तेव्हा पहिले निशाण विसरू नये, एवढेच सांगणे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!