चवळीचे वाण : आकडा कुठला आणि शेत कुठले?



चवळीच्या वाणांची नावे नीट वाचली, तर त्यांतच अर्धे शेतीशास्त्र सापडते. ‘पुसा फाल्गुनी’ उन्हाळी पेरणीसाठी, ‘पुसा बरसाती’ पावसाळ्यासाठी, ‘पुसा दोफसली’ दोन्ही हंगामांसाठी. १९७२ साली दापोलीत स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेला वाण ‘कोकण सदाबहार’. नाव हे वाणाचे आश्वासन असते. पण ते कोणत्या मातीत आणि कोणत्या हवेत पाळले गेले, हे नावात लिहिलेले नसते.

‘कोकण सदाबहार’ साधारण ६० ते ६५ दिवसांत तयार होतो आणि हेक्टरी १२ ते १५ क्विंटल उत्पन्न देतो, असे शिफारशीत म्हटलेले असते. हेक्टरी एक क्विंटल म्हणजे गुंठ्याला जवळजवळ एक किलो. त्यामुळे हा आकडा गुंठ्याला १२ ते १५ किलो असा वाचावा आणि खळ्यावर तराजूने पडताळावा. अनेक घरांत हा ताळा कधी मांडलाच जात नाही. पीक ‘बरे आले’ किंवा ‘गेले’, एवढीच नोंद राहते, आणि तीही तोंडी.

कर्जत आणि खालापूर हे शेजारचे तालुके. दोन्हीकडे पावसाळ्यात भात आणि त्यानंतर अंगओलितावर वाल किंवा चवळी. तरीही शेतागणिक परिस्थिती पालटते. भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी राजनाल्याने कर्जतच्या काही गावांना मिळते. तिथे उशिरा पेरलेल्या पिकालाही आधार असतो. खोपोलीच्या केंद्राचे पाणी पाताळगंगेला मिळते, पण नदीपासून दूर असलेल्या वरकस जमिनीला त्याचा काय उपयोग? तिथला मातीचा थर उथळ, ओल लवकर उडणारी. अशा जमिनीवर लवकर उरकणारा वाण बाजी मारू शकतो, तर ओल टिकणाऱ्या खाचरात अधिक दिवस घेणारा वाण त्याला मागे टाकू शकतो. दोन्ही निकाल खरे असतात, मात्र आपापल्या शेतापुरते.

हवेचेही तसेच. चवळी मूळची आफ्रिकेची, उबेत रमणारी. नायजेरियातील इबादानच्या आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेत तिचे १५ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत, इतके तिचे वैविध्य मोठे. माथेरान आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अलिबागच्या किनाऱ्यापेक्षा गार असतात आणि गारठ्यात चवळीची वाढ मंदावते. म्हणून दापोलीला मोजलेले ६० दिवस कर्जतच्या थंडीत ६०च राहतील, असे धरून चालू नये. शिवाय अनेक गावठी वाण दिवस लहान झाल्याखेरीज फुलावर येत नाहीत. जूनमध्ये पेरले तर नुसते वेल माजतात. तेच बियाणे भातकापणीनंतर टाकले तर आटोपशीर वाढून लवकर फुलते. एका हंगामातील अपयशावरून गावठी बियाण्याला नावे ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

वाणांची तुलना करायची तर गावठी बियाणे त्या तुलनेत असलेच पाहिजे. प्रत्येक वाणाचे एक-एक गुंठ्याचे निदान तीन वाफे शेतात विखरून घ्यावेत; पेरणी एकाच दिवशी, अंतर आणि खत सारखे. एका वाणाचा एकच वाफा घेतला, तर जिंकला तो वाण की वाफा, हे कधीच कळत नाही. एका वर्षाच्या निकालावरही विसंबू नये. पाऊस लांबला की ओल वाढते आणि क्रम उलटतो. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे. भाताच्या नव्या वाणालाही अशाच परीक्षांतून जावे लागते. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या पद्धतीत भातानंतर त्याच गादीवाफ्यांवर नांगरट न करता कडधान्य पेरतात. तिथली तुलना नांगरलेल्या खाचराशी करताना वाणाचा गुण आणि मशागतीचा गुण वेगवेगळे ओळखावे लागतील.

वजनाने सारेच ठरत नाही. गोव्यातील टपोरा आळसांदो दाण्यामुळे आणि चवीमुळे भाव खातो. कर्जत-खालापुरात तर चवळीची खरी स्पर्धा दुसऱ्या चवळीशी नसून कडव्या वालाशी आहे. वाल थंडी अधिक सोसतो आणि पोपटीपासून बिरड्यापर्यंत घराघरांत मान मिळवून आहे. तेव्हा चवळीच्या वाफ्यांशेजारी एक वाफा वालाचाही असावा आणि शेवटी किलोंबरोबर रुपयेही मोजावेत.

त्या हिशेबात तोडणीची मजुरी धरावी. चवळीच्या शेंगा एकदम पिकत नाहीत. दोन-तीन तोडे करावे लागतात. घरातील तरुण खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत कामाला असतील, तर ज्याच्या बहुतेक शेंगा पहिल्या तोड्यातच हाती येतात तो वाण, थोडा कमी पिकला तरी, परवडतो. म्हणून प्रत्येक तोड्याची तारीख आणि वजन वेगळे लिहावे.

आणि एक अडचण अशी, की तिच्यावर कोणत्याही वाणात उपाय नाही. भात कापला की गुरे मोकाट सुटतात. एकट्याचेच हिरवे शेत असेल, तर तीन वाफ्यांचा प्रयोग एका रात्रीत संपतो. पेरणीपूर्वी शेजारच्या पाच-सहा खातेदारांनी एकत्र बसून सलग पट्टा धरावा आणि राखणीच्या पाळ्या त्याच बैठकीत लावून घ्याव्यात.