थरथरत्या कांबीचं शिल्प

धातूची एक उभी कांब, खाली विजेची मोटर. मोटर सुरू झाली की कांब थरथरते आणि डोळ्यांसमोर एक पारदर्शक, डौलदार आकार उभा राहतो. कांब स्थिर राहते तिथे तो निमुळता, जास्त हलते तिथे फुगीर. कांबीची प्रत्येक जागा डोळ्याला वेगळी टिपता येत नाही, म्हणून हवेलाच घनता आल्यासारखी वाटते!

शिल्पकार नाऊम गाबो यांनी १९१९-२० मध्ये मॉस्कोत हे शिल्प घडवलं. रशियातल्या यादवी युद्धाचा काळ; साधे सुटे भागही दुर्मीळ. त्यांनी विजेच्या जुन्या घंटीची यंत्रणा वापरली. विद्यार्थ्यांना गतीची लय दाखवण्यासाठी केलेला हा प्रयोग मला गाबोंच्या पुढच्या देखण्या शिल्पांहूनही धाडसी वाटतो. आज हे शिल्प लंडनच्या टेट संग्रहात आहे.