एकाच बटणात दोन फेऱ्या



निवडणुकीत पाठिंबा कोणाला द्यायचा, हा आजचा विषय. त्याची सुरुवात मी फ्रान्सपासून करणार आहे, कारण हा पेच तिथे २००२ साली इतका उघडा पडला की तो पाहिल्यावर आपला पेचही स्वच्छ दिसतो. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर निवडला जातो आणि त्यासाठी मतदानाच्या दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांतच पुन्हा मतदान होतं. पहिल्या फेरीत निवडायचं आणि दुसरीत नाकारायचं, अशी तिथली समजूत आहे. २१ एप्रिल २००२ रोजी पहिली फेरी झाली तेव्हा सोळा उमेदवार उभे होते. उजव्या बाजूचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष ज्याक शिराक यांना १९.८८ टक्के मतं पडली. डाव्यांचे पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांना १६.१८ टक्के पडली. आणि या दोघांच्या मधे, १६.८६ टक्के घेऊन, अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन येऊन बसले. जोस्पँ दोन लाखांहून कमी मतांनी मागे पडले आणि स्पर्धेतूनच बाद झाले. डाव्यांमधल्याच क्रिस्तियान तोबिरा यांना त्या दिवशी साडेसहा लाखांवर मतं होती आणि ज्याँ-पिएर शव्हेनमाँ यांना पंधरा लाखांवर.

या निकालाचा धडा म्हणून जो सांगितला जातो, तो आपल्याकडेही प्रत्येक निवडणुकीत कानावर पडतो. मत वाया घालवू नका, निवडून येईल त्यालाच द्या, बाकी सगळी मतविभागणी. मला हा धडा मान्य नाही. २००२च्या त्या निवडणुकीआधी कित्येक महिने सगळे अंदाज एकच सांगत होते की दुसरी फेरी शिराक आणि जोस्पँ यांच्यातच होणार. जोस्पँ पुढे जाणारच आहेत, मग आत्ता आपल्या मनातल्या छोट्या पक्षाला मत देऊन त्यांना जरा इशारा देऊ, असा हिशेब डाव्यांच्या अनेक मतदारांनी केला. म्हणजे त्यांनी निव्वळ मनाचा कौल दिला होता असं नाही. त्यांनीही गणितच मांडलं होतं आणि गणितच चुकलं. कोण जिंकणार, कोण पडणार, याचा अंदाज ही मतदाराजवळची सर्वांत कच्ची माहिती असते. तिच्यावर मत बेतणं हीच मूळ चूक आहे, मग त्या अंदाजातून कोणी छोट्या उमेदवाराला मत देवो की मोठ्याला.

आता आपल्या गावाकडे येऊ. पांढरकवडा जिल्ह्याने यवतमाळचं, विधानसभेला आर्णी या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात आणि लोकसभेला चंद्रपुरात. २०१९ साली सुमारे सहा महिन्यांच्या अंतराने आपण या दोन्ही निवडणुका पाहिल्या. लोकसभेला बाळू धानोरकर काँग्रेसचे, हंसराज अहीर भाजपचे, आणि वंचित बहुजन आघाडीचे राजेंद्र महाडोळे. वंचितला दिलेलं मत म्हणजे भाजपला दिलेलं मत, असा प्रचार तेव्हा राज्यभर होता. महाडोळे यांनी एक लाख बारा हजार मतं घेतली आणि तरीही धानोरकर जवळपास ४५ हजारांनी निवडून आले. त्या वर्षी काँग्रेसला अख्ख्या महाराष्ट्रात मिळालेली ही एकमेव जागा. नांदेडला मात्र उलट झालं. तिथे काँग्रेसचे उमेदवार अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराकडे दीड लाखाहून जास्त मतं होती. एकच आघाडी, एकच निवडणूक, एकच युक्तिवाद आणि निकाल परस्परविरुद्ध. मग ऑक्टोबरमध्ये विधानसभा आली. भाजपने संदीप धुर्वे यांना उमेदवारी दिली आणि तोवर आमदार असलेले राजू तोडसाम अपक्ष उभे राहिले. बंडखोरीने भाजपची जागा जाणार, काँग्रेसचे शिवाजीराव मोघे येणार, हे गणित शेंबड्या पोरालाही मांडता आलं असतं. तोडसाम यांनी सव्वीस हजारांवर मतं घेतली आणि धुर्वे तरीही सुमारे तीन हजारांनी निवडून आले. पुढे २०२४ मध्ये तेच तोडसाम भाजपचे अधिकृत उमेदवार म्हणून आमदार झाले. मतदान यंत्रापाशी उभ्या असलेल्या कोणत्या माणसाला हे सगळं आधी कळू शकत होतं? आकडे हाती आल्यावर मतविभागणी शोधून काढणं सोपं असतं. ती आधी ओळखून त्याप्रमाणे मत देणं ही गोष्टच वेगळी आहे.

तरीही फ्रान्सच्या मतदाराला एक सोय आहे, ती आपल्याला नाही, हे कबूल करायला हवं. त्याला मनातला उमेदवार आणि नाइलाजाचा उमेदवार असे दोन वेगळे दिवस मिळतात. आपल्याला एकच दिवस, एकच बटण आणि त्यातच दोन्ही फेऱ्या. पण या सभागृहात असेही लोक असतील ज्यांना याच गावात फ्रान्ससारखी सोय मिळते. अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघात नाव असलेला मतदार मतपत्रिकेवर आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने आपल्या पहिल्या उमेदवारासमोर १ लिहितो, दुसऱ्यासमोर २, हवं तर तिसऱ्यासमोर ३. स्वतःचं पेन चालत नाही, टिकमार्क चालत नाही. त्याचा पहिल्या पसंतीचा उमेदवार मोजणीत बाद झाला तर तेच मत दुसऱ्याकडे जातं. म्हणजे त्याला वाया जाण्याची भीती न बाळगता मनातलं लिहिता येतं. २०२३च्या सुरुवातीला इथे धीरज लिंगाडे आणि रणजित पाटील यांच्यात लढत झाली. पहिल्या पसंतीत कोणीच कोटा गाठला नाही, बाद फेऱ्या चालत राहिल्या आणि अखेर लिंगाडे निवडून आले. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपले आमदार-खासदारही पसंतीक्रमच लिहितात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीच्या मतांवर निवडून आलेच नव्हते, दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर आले. आमदाराला हा अधिकार, पदवीधराला हा अधिकार, आणि कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र एकच बटण. ही विषमता मला बोचते. तिच्याकडे मी शेवटी वळेन.

तोवर हातात एकच बटण आहे, तर काय करावं? माझं म्हणणं असं की ज्याची आपल्याला माहिती आहे, किंवा मेहनत घेतली तर माहिती मिळू शकते, त्यावर मत द्यावं, अंदाजावर देऊ नये. आणि माहिती मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले शपथपत्रावर जाहीर करावे लागतात. पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्र आणि आजचं शेजारी-शेजारी ठेवून कोणीही वाचू शकतो. केलेली आश्वासनंही तपासता येतात, कारण त्यांना जागा आणि तारीख असते. आर्णी तालुक्यातल्या दाभडीत २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदींची 'चाय पे चर्चा' झाली, १६ फेब्रुवारी २०१९ रोजी इथे पांढरकवड्यात बचत गटांच्या महिलांसमोर त्यांची सभा झाली. राहुल गांधी असोत, शरद पवार असोत, की गल्लीतला उमेदवार, बोललेलं प्रत्येकाचं असंच तपासावं. खर्चाच्या दीडपट भाव देऊ असं कोणी म्हणालं, तर कोणता खर्च, हे तिथेच विचारावं. खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांची मजुरी एवढाच धरणार, की स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही धरणार? पहिला ए-२ अधिक कुटुंबाची मजुरी, दुसरा सी-२. दोन्हींत क्विंटलमागे मोठा फरक पडतो आणि उत्तर द्यायचं टाळणारा उमेदवार कोणाच्या बाजूचा आहे, ते तेवढ्यावरून कळतं. भारतीय कापूस महामंडळाचं, म्हणजे सीसीआयचं, खरेदी केंद्र यंदा कधी उघडलं, ओलावा बारा टक्क्यांच्या वर दाखवून किती गाड्या परत गेल्या, चुकारे किती दिवसांनी खात्यात आले, आणि त्या वेळी आमदार-खासदार कुठे होते, हे इथल्या माणसाला कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त ठाऊक असतं. आपल्या केळापूर, घाटंजी भागातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथल्या ग्रामसभांच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यांचं काय झालं, हे कोलामपोडावरचा माणूस तारखेनिशी सांगेल. त्याचं मत या ज्ञानातून यावं, जिंकणाऱ्याच्या हवेतून नको.

यावर पहिला आक्षेप असा की आपल्याकडे उमेदवाराला किंमतच काय? संसदेत आणि विधिमंडळात त्याला पक्षादेशाप्रमाणे मत द्यावं लागतं, १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याचे हात बांधलेले आहेत, तेव्हा चिन्ह पाहूनच मत द्यावं. आक्षेपात तथ्य आहे. फ्रेंच राष्ट्राध्यक्षाचा धोरण ठरवण्यात मोठा वाटा असतो, आपल्या एकट्या आमदाराचा तसा नसतो. म्हणून पक्षही तपासायलाच हवा, आणि पक्षाचा कारभार हीसुद्धा माहितीच आहे. पण जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीत फूट पडून काय झालं, ते पाहिल्यावर चिन्हाच्या भरवशावर डोळे मिटून राहता येणार नाही. ज्या चिन्हाला मत दिलं ते चिन्ह दुसऱ्याच बाजूला गेलं, आणि मतदाराजवळ उरला तो फक्त माणूस, ज्याचा स्वभाव त्याने तपासलाच नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एखादा उमेदवार समाजाला खरोखर धोक्याचा असेल, तर त्याला पाडण्यासाठी नावडत्या माणसालाही मत द्यावं लागणार नाही का? द्यावं लागेल, आणि द्यावं. ५ मे २००२ रोजी फ्रान्सच्या डाव्या मतदारांनी तेच केलं. ज्या शिराकना ते आयुष्यभर विरोध करत आले होते, त्यांना त्यांनी भरभरून मतं दिली आणि शिराक ८२ टक्क्यांवर गेले. पण ते मत कोणत्या आधारावर पडलं? ल पेन काय बोलतात, परदेशातून आलेल्या माणसांना कसं वागवू पाहतात, हे लोकांना चांगलं माहीत होतं आणि समोर दोनच नावं होती. अंदाजाला जागाच नव्हती. आपल्याकडे मात्र प्रत्येक पक्ष दुसऱ्याला धोका म्हणतो, आणि तेवढ्यावर पाच वर्षं आपल्याच उमेदवाराला जाब विचारायचं टाळतो. २०२४च्या लोकसभेला चंद्रपुरात काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर दोन लाख साठ हजारांहून अधिक मतांनी आल्या. मतांचं एकत्रीकरण झालं म्हणून हे झालं, असं कोणी म्हणेल. माझ्या मते इतकी माणसं एका बाजूला जातात ती गणित मांडून नव्हे. सोयाबीन-कापसाच्या भावाचा आणि संविधानाबद्दलच्या काळजीचा लोकांचा स्वतःचा अनुभव त्यामागे होता.

कोणीच पसंत नसेल तर? २०१३ पासून 'नोटा' आहे, पण लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही. ज्याला खरोखर फरक दिसत नाही त्याने ते बटण दाबावं. फरक दिसत असूनही कंटाळ्याने दाबू नये.

आता त्या एका बटणाकडे. लोकसभा-विधानसभेची पद्धत बदलणं आपल्या हाती नाही. पण नगराध्यक्षाची निवड ही वेगळी गोष्ट आहे. २०१६ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. म्हणजे राज्य विधिमंडळाला वाटलं तेव्हा त्याने कायदा फिरवला. राज्यघटनेच्या २४३-झेडए कलमाने नगरपालिकांच्या निवडणुकांचे नियम करण्याचा अधिकार राज्यालाच दिला आहे, त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. नगराध्यक्ष हा एकच माणूस अख्ख्या गावाने निवडायचा, उमेदवार आठ-दहा, आणि तीस टक्के मतांवर तो पाच वर्षं बसायचा. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाशी आपल्या गावातलं सर्वांत जवळचं पद हेच. तिथे पसंतीक्रम का नसावा? मोजणीला वेळ लागेल म्हणतात. अमरावतीला पाच जिल्ह्यांची मतं मोजायची असतात आणि ती मोजली जातात, पांढरकवड्याची एका सभागृहात एका दिवसात मोजून होतील. अशिक्षित मतदाराला १, २, ३ लिहिता येणार नाही म्हणतात. बाजारात कापसाच्या वजनाची पट्टी आणि किराण्याचा हिशेब जी बाई रोज सांभाळते, तिला तीन आकडे लिहिता येत नाहीत, हे मी मानत नाही. येत्या अधिवेशनात आपल्या आमदारांनी हा प्रश्न विधानसभेत मांडावा, अशी मागणी आपण इथून लेखी पाठवू शकतो. कोरा कागद आयोजकांच्या टेबलावर ठेवला आहे.