जपानात झालेली माझी साठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘जपानातील स्त्रीजीवन’ असा भारदस्त विषय दिला होता. तो माझ्या आवाक्यातला नाही. तोक्योत मी सहा वर्षे मुलांना गणित शिकवले. तेवढ्या भांडवलावर एका देशाच्या स्त्रीजीवनाविषयी बोलणे म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून पाहून गावाची शिरगणती करण्यासारखे आहे. म्हणून मी एकाच दिवसाविषयी सांगणार आहे. तो दिवस म्हणजे माझा साठावा वाढदिवस.

इथे साठी उलटलेल्या पुष्कळजणी बसल्या आहेत. आपल्यापैकी कितीजणींची साठी झाली? यजमानांची झाली, हे मला ठाऊक आहे. उग्ररथ शांतीला आपण शेजारच्या पाटावर बसलो, त्यांच्या हाताला हात लावला आणि मनात पंगतीचा हिशेब केला. आपली स्वतःची साठी मात्र दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीपाशी उभे असतानाच निघून जाते. शिवाय कितीजणींची जन्मतारीख कागदोपत्री १ जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची म्हणून ती घातलेली.

माझ्या यजमानांची साठी २०१६ साली थाटाने झाली. पुढच्या वर्षी ते गेले आणि २०१८ मध्ये मी नोकरीसाठी तोक्योस गेले. एदोगावा भागात निशिकासाई म्हणून वस्ती आहे, तिथे राहत होते. त्या बाजूला आपल्या लोकांची वस्ती मोठी, त्यामुळे डाळ-पिठाची ददात नव्हती. पण माझा राबता जास्त दोन जपानी बायकांकडे. एक शेजारच्या आजी आणि दुसरी आमच्या शाळेच्या कचेरीतली कारकून बाई. माझे जपानी मोडके, त्यांचे इंग्रजी त्याहून मोडके. तरी गप्पा कधी अडल्या नाहीत.

एकदा या कारकून बाईने माझा कुठलासा कागद भरताना जन्मसाल पाहिले. ते १९६३, म्हणजे त्यांच्या गणनेने शोवा ३८. तिने बोटांवर मोजले आणि ती जवळजवळ ओरडलीच, “तुम्ही सशाच्या वर्षातल्या! यंदा तुमचे कानरेकी!”

कानरेकी म्हणजे कालगणनेचे परत येणे. जुन्या पद्धतीत वर्षाला नाव देताना बारा प्राण्यांची एक माळ फिरते आणि लाकूड, अग्नी, माती, धातू व पाणी या पाच तत्त्वांची दुसरी. प्रत्येक तत्त्व थोरले आणि धाकटे, म्हणून ही माळ दहाची. दोन्ही एकेक मणी सरकत राहतात. तीच जोडी पुन्हा केव्हा येईल? माझी मुले घाईने एकशेवीस म्हणत. पण दहा आणि बारा यांचा लसावि साठ! साठाव्या वर्षी माणूस आपल्या जन्मवर्षापाशी येतो, म्हणून तो नव्याने जन्मला असे धरतात.

हे ऐकून मी घरी पंचांग काढले. माझा जन्म शके १८८५ मधला, संवत्सराचे नाव शोभन. २०२३ च्या पाडव्याला लागलेले शके १९४५, तेही शोभनच! आपली संवत्सरेही साठच. गुरू सुमारे बारा वर्षांत राशिचक्र फिरतो, शनी सुमारे तीस वर्षांत, आणि त्यांचाही लसावि साठ. घरापासून इतक्या दूर, एका सोप्या गणिताने मला माहेर भेटल्यासारखे झाले.

दरवर्षी वाढदिवस करण्याची चाल मात्र जपानात जुनी नव्हे. पूर्वी तिथे नव्या वर्षाच्या दिवशी सगळ्यांचेच वय एकदम एकाने वाढे. वय पुऱ्या वर्षांत सांगावे असा कायदा झाला तो १९५० पासून अमलात आला. शेजारच्या आजी १९४६ सालच्या. त्या हसून म्हणत, “चार वर्षांची असताना मी एका रात्रीत लहान झाले.”

वाढदिवस नोव्हेंबरात होता. दोघीजणी संध्याकाळी डबे घेऊन आल्या. डब्यात सेकीहान होता. हा चिकट तांदळाचा तांबूस भात असतो. त्यात एरवी अझुकी नावाची बारीक लाल कडधान्ये घालतात, पण तोक्योकडे त्याऐवजी चवळीची तांबडी जात वापरतात. अझुकी शिजताना पोटाशी फुटते, आणि पोट फाडून घेणे सामुराईंच्या नशिबी असे, म्हणून ते अशुभ! कडधान्याच्या पाण्याने भाताला रंग येतो, वरून मीठ आणि काळे तीळ. माझ्यासाठी सूपही माशाऐवजी समुद्रातल्या कोम्बू पाल्याचे केले होते. हे लक्षात ठेवणे सोपे नाही. तिथे बहुतेक रश्श्यांत मासळीचा अर्क असतोच.

मग आजींनी कागदातून लाल बंडी आणि लाल टोपी काढली. बंडी बिनबाह्यांची, आत कापूस भरलेला. आपल्या बाळाचे झबले आणि कुंची आठवा, म्हणजे झाले. नव्याने जन्मलेल्या माणसाला पोराचा लाल पोशाख. लाल रंगाने इडापिडा टळते अशी समजूत.

मी बंडी हातात घेऊन थांबले. त्यांना वाटले, मापाला लहान होते की काय. मग मी आमच्याकडची रीत सांगितली. यजमान गेल्यापासून तसा रंग मी अंगाला लावला नव्हता. कुणी मना केले नव्हते, पण कुणी लाव असेही म्हटले नव्हते. आजींनी ऐकून घेतले. त्याही पंचवीस वर्षांच्या एकट्या. त्या म्हणाल्या, “हा लाल बायकोचा नव्हे, जन्मलेल्या पोराचा आहे. पोराला कुठे नवरा असतो?”

मी बंडी घातली.

तुमच्यात काय करतात, असे त्यांनी विचारले. औक्षण समजावून देताना ‘सुवासिनी’ला जपानी शब्द मला सापडला नाही आणि मीही फार शोधला नाही. सॉसच्या वाटीत तुपाची वात लावली, सुपारी होतीच, अंगठी माझीच. आजींनी कुंकू लावले आणि ओवाळले, तेही उलट्या बाजूने. मी काही बोलले नाही.

कारकून बाई मात्र गप्प होती. नंतर तिने सांगितले. तिचा जन्म १९६६ चा, थोरल्या अग्नीच्या घोड्याचा. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते असा समज! १९६५ साली जपानात १८ लाख २३ हजार मुले जन्मली, १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजार. एक चतुर्थांश घट, केवळ मुलगी होईल या भीतीने. आणि हे झाले १९६४ साली शिन्कान्सेन गाडी धावू लागलेल्या देशात. तिला स्थळे येत, साल कळले की पुन्हा येत नसत. आपल्याकडची मंगळाची आणि मूळ नक्षत्राची पोर तुम्हांला आठवली असेल. जे गणित मला माहेरासारखे वाटले, त्याच गणिताने तिला आयुष्यभर नाव ठेवले होते. ती म्हणाली, “माझे वर्ष परत येईल तेव्हा मी ते साजरे करणार नाही.” आजींनी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

ते वर्ष २०२६. तिच्यासाठी मी लाल इरकली खण घेऊन ठेवला आहे, बंडी आजी शिवणार आहेत.

आता चिटणीसबाईंना माझी विनंती. मंडळाच्या वहीत वर्गणीच्या रकान्याशेजारी जन्मतारखेचा एक रकाना आखावा. साठी भरेल तिची साठी याच सभागृहात व्हावी, आणि ओवाळायला ज्या जमतील त्या सगळ्यांनी यावे. भाताचा खर्च पहिल्या वर्षी माझ्याकडे. १ जूनवाल्यांनी आपली खरी तारीख आईला, मावशीला, जी कोणी हयात असेल तिला विचारून आजच लिहून द्यावी.